पहिला आक्षेप घेणाऱ्याचे काय होते?

बैठकीत कोणी आक्षेप घेतला नाही म्हणजे सर्वांचे एकमत झाले, असे मानणारे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिले आहेत. एकमत आणि गप्प बसणे यांतला फरक त्यांना बहुधा काम बिघडल्यावरच कळतो, कारण तेव्हा निम्मी मंडळी "मला तेव्हाच वाटले होते" असे सांगू लागतात.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानाचे कप्तान कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी इंजिनांचा जोर वाढवताच सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाची परवानगी अजून मिळाली नसल्याचे लक्षात आणून दिले. कप्तान थांबले, पण "माहीत आहे, विचार" एवढेच म्हणाले. पुढे मिळालेली परवानगी उड्डाणानंतरच्या मार्गापुरतीच होती, तरीही विमान धावू लागले आणि या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवले नाही. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का, ही शंका विमानातील यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. कप्तानांनी ती ठामपणे उडवून लावली आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही.

मला यात सर्वांत बोलका वाटतो तो सहवैमानिकाचा पहिला, अगदी बरोबर ठरलेला आक्षेप. वरिष्ठांना एकदा टोकल्यावर लगेच दुसऱ्यांदा टोकणे किती जड जाते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पहिल्या वेळी मिळालेल्या उत्तराचा सूरच दुसऱ्या वेळी तोंड उघडायचे की नाही हे ठरवतो, आणि विश्वास घडतो किंवा मोडतो तो नेमका तिथे. गटात विश्वास वाढावा म्हणून काढलेल्या सहली आणि एकत्र जेवणे यांनी ओळखी वाढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही; पण एकत्र जेवलेली माणसेही साहेबांपुढे मूग गिळून बसतात.

संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना असे आढळले, की चांगल्या नेतृत्वाखालील गटांच्या नावावर चुका कमी नव्हे, तर जास्त नोंदल्या गेल्या होत्या. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचे कारण असावे, असा अर्थ त्यांनी लावला. ज्या गटाच्या अहवालात कधीच काही चुकत नाही, त्याचे कौतुक करण्यापूर्वी मी तरी दोनदा विचार करीन.

विमान कंपन्यांनी पुढे या गप्प बसण्यावर प्रशिक्षणच सुरू केले: कनिष्ठांनी स्पष्ट बोलावे आणि कप्तानांनी ऐकून घ्यावे. यातला दुसरा भाग अधिक अवघड आहे. "कोणाला काही शंका?" या प्रश्नाला उत्तर येत नाही, "ही योजना फसलीच, तर पहिल्यांदा कुठे फसेल?" असे विचारले की येते, कारण मग खोट काढणे हा उद्धटपणा न राहता नेमून दिलेले काम होते. वरिष्ठांनी स्वतःचे मत शेवटी मांडावे, कारण ते आधी कळले की उरलेली चर्चा त्याला दुजोरा देण्यातच संपते. वाद कामाचा आहे तोवर चालू द्यावा, माणसावर घसरला की तिथेच थांबवावा. प्रत्येक आक्षेप मान्य करण्याची मात्र गरज नाही. तो फेटाळताना कारण सर्वांसमोर सांगावे आणि पुढे तो खरा ठरला, तर तो कोणी घेतला होता हेही सर्वांसमोरच सांगावे.