लीजवर थ्री सिरीज की सी-क्लास: आधी घसारा बघा, मग गाडी

बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आणि मर्सिडीज सी-क्लास यांच्यात निवड करायची म्हटली की चर्चा इंजिनापासून सुरू होते. गंमत अशी, की फरक सर्वांत कमी तिथेच आहे. बीएमडब्ल्यूची 330आय आणि मर्सिडीजची सी 300 या दोन्हींत 2 लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, दोन्हींचा टॉर्क 400 न्यूटन मीटर, ताकद बाजारपेठेप्रमाणे 250 अश्वशक्तीच्या अल्याडपल्याड. शून्य ते शंभरला दोघींनाही 6 सेकंदांच्या आसपास लागतात. एकीला झेडएफ कंपनीचा 8 गिअरचा ऑटोमॅटिक, दुसरीला मर्सिडीजचा स्वतःचा 9 गिअरचा. मूळ रूपात दोन्ही मागच्या चाकांवर चालतात. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, दुरुस्तीचा खर्च यांवर डोकं खपवण्यात अर्थ आहे. लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने, घेणाऱ्याने पहिला प्रश्न वेगळा विचारावा: तीन वर्षांत या गाडीच्या किमतीतला किती भाग आपण खाणार?

लीजचा हप्ता दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा घसाऱ्याचा. ठरलेल्या किमतीतून मुदतीअखेरची शिल्लक किंमत, म्हणजे रेसिड्युअल, वजा करायची आणि महिन्यांनी भागायचं. दुसरा तुकडा व्याजाचा. ठरलेली किंमत आणि रेसिड्युअल यांची बेरीज करून तिला मनी फॅक्टरने, म्हणजे व्याजदर दाखवणाऱ्या छोट्या आकड्याने, गुणायचं. इथे वजाबाकीऐवजी बेरीज बघून अनेकांना चूक झाल्यासारखं वाटतं, पण हिशोब बरोबर आहे. सुरुवातीला तुमच्याकडे पूर्ण किमतीची गाडी असते, शेवटी रेसिड्युअलइतक्या किमतीची. सरासरी अडकलेली रक्कम म्हणजे या दोहोंच्या बेरजेचा निम्मा भाग. हा भागिले 2, वर्षाचे 12 महिने आणि टक्क्यांचे 100 यांचा गुणाकार केला की 2,400 येतात. म्हणून मनी फॅक्टरला 2,400 ने गुणलं की वार्षिक व्याजदर निघतो. 0.0025 म्हणजे 6 टक्के. काही करारांत मनी फॅक्टर न लिहिता थेट व्याजदर लिहितात; गणित जवळपास तेच.

आता आकडे घालून बघू. चलन कुठलंही धरा, कर बाजूला ठेवा, आणि हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत हे लक्षात असू द्या. पहिल्या गाडीची छापील किंमत 50,000, घासाघीस करून 47,000 ला ठरली, 36 महिन्यांनंतरचं रेसिड्युअल छापील किमतीच्या 58 टक्के म्हणजे 29,000, व्याज 6 टक्के. घसारा 18,000 भागिले 36, म्हणजे 500. व्याज 76,000 गुणिले 0.0025, म्हणजे 190. हप्ता 690. दुसरी गाडी स्वस्त आहे: छापील 48,000, ठरली 46,000 ला. पण तिचं रेसिड्युअल 50 टक्के, म्हणजे 24,000. घसारा 611, व्याज 175, हप्ता 786. किमतीने कमी असलेली गाडी महिन्याला 96 ने महाग पडली, आणि 36 महिन्यांत हा फरक सुमारे 3,460 वर गेला. इतका फरक पडायला रेसिड्युअलमधली 8 टक्क्यांची तफावत पुरली.

याच दुसऱ्या गाडीवर उत्पादकाच्या फायनान्स कंपनीने व्याज 6 वरून 3 टक्क्यांवर आणलं, तर व्याजाचा तुकडा 87.5 होतो आणि हप्ता 699 वर येतो. म्हणजे दोन्ही गाड्या जवळपास बरोबरीला. साठलेला माल हलवायचा असतो तेव्हा कंपन्या नेमकं हेच करतात: छापील किमतीला हात लावत नाहीत, व्याज खाली आणतात किंवा रेसिड्युअल कृत्रिमपणे वर ठेवतात. म्हणून 'कोणती गाडी लीजवर स्वस्त' याला कायमचं उत्तर नसतं. या महिन्याचं उत्तर पुढच्या महिन्यात उलटू शकतं, आणि एकाच गाडीच्या दोन इंजिनांचं किंवा दोन व्हेरिएंटचं रेसिड्युअलही वेगळं असू शकतं. दोन्ही शोरूमचे कागद एकाच आठवड्यातले असतील तरच तुलनेला अर्थ आहे.

डीलरकडून चार आकडे लेखी घ्या: ठरलेली किंमत, रेसिड्युअल टक्क्यांत आणि रकमेत, मनी फॅक्टर किंवा व्याजदर, आणि करारात धरलेले वर्षाचे किलोमीटर. मुदत आणि किलोमीटर दोन्हीकडे सारखे ठेवा. एकाने 36 महिने आणि 20,000 किलोमीटर धरले, दुसऱ्याने 39 महिने आणि 15,000, तर दुसऱ्याचा हप्ता आपोआप गोंडस दिसतो. सेल्समन फक्त महिन्याच्या हप्त्यावर बोलत राहिला, तर समजायचं की मनी फॅक्टरमध्ये काहीतरी मुरतंय. वरच्या पहिल्या गाडीचा मनी फॅक्टर 0.0025 ऐवजी 0.0029 लावला, तर व्याज जवळपास 7 टक्के होतं, हप्ता 30 ने वाढतो आणि पूर्ण मुदतीत सुमारे 1,100 जादा जातात. चौथ्या दशांश स्थळावरचा हा फरक कागदावर कुणाच्या नजरेत भरत नाही. त्याच गाडीच्या किमतीत 1,000 ची सूट मिळवायला जेवढं भांडावं लागतं, त्याचा हप्त्यावर परिणामही तेवढाच, 30 च्या आसपास.

रेसिड्युअल डीलरच्या हातात नसतं, ते लीज कंपनी ठरवते. त्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. ते बहुधा छापील किमतीवर मोजतात, तुमच्या सूट मिळालेल्या किमतीवर नाही, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. किलोमीटर वाढवले की मात्र ते खाली येतं. वर्षाला किती चालवणार याचा अंदाज प्रामाणिकपणे करा, कारण मुदतीअखेर जादा किलोमीटरचा दर बहुतेक वेळा आधीच विकत घेतलेल्या किलोमीटरपेक्षा चढा असतो. उलट बाजूने, न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

डाउन पेमेंटबद्दल माझं मत ठाम आहे: शक्य तितकं कमी द्या. पहिल्या उदाहरणात 5,000 आगाऊ भरले तर हप्ता 151 ने उतरतो आणि बघायला छान वाटतं. पण त्यातले 139 म्हणजे तुमचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत येतायत. खरी बचत फक्त व्याजाची, महिन्याला 12.5, म्हणजे तीन वर्षांत 450. आणि गाडी तिसऱ्या महिन्यात चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याची रक्कम गाडीच्या मालकाला म्हणजे लीज कंपनीला जाते आणि तुमचे 5,000 बहुधा बुडतात. 450 वाचवायला 5,000 पणाला लावण्यात शहाणपण नाही. अशा वेळी विम्याची रक्कम आणि लीजची बाकी यांच्यातली तफावत भरून काढणारं गॅप कव्हर करारात आहे का, ते बघा. नसेल तर वेगळं घ्या.

मुदत किती? घसारा पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतो, म्हणून 24 महिन्यांचा हप्ता बहुधा महाग पडतो. 48 महिन्यांत हप्ता उतरतो, पण तोवर काही बाजारांत वॉरंटी संपलेली असते आणि टायरचा दुसरा संच लागतो. मुदत वॉरंटीच्या आत बसवा. मधेच करार मोडणं हा सर्वांत महागडा पर्याय. उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग एकदम मागितला जाऊ शकतो.

पिढीचा प्रश्नही इथे येतो. जी20 हे सांकेतिक नाव असलेली थ्री सिरीजची पिढी 2018 मध्ये आली आणि 2022 मध्ये तिचं मोठं फेसलिफ्ट झालं. सी-क्लासची डब्ल्यू206 पिढी 2021 ची. जुन्या पिढीच्या गाडीवर सूट जास्त मिळते, रेसिड्युअल कमी असू शकतं. पण तुमच्या मुदतीत नवी पिढी आली आणि जुनीचा भाव कोसळला, तरी बंद टोकाच्या लीजमध्ये, म्हणजे मुदतीअखेर गाडी परत करून मोकळं होता येतं अशा करारात, तो तोटा लीज कंपनीचा. रेसिड्युअल सहीच्या दिवशी गोठलेलं असतं. म्हणून 'मॉडेल जुनं होतंय' ही भीती लीजवाल्याने बाळगायचं फारसं कारण नाही. मुदतीनंतर गाडी विकतच घ्यायचा बेत असेल तर मात्र गणित उलटं होतं: उंच रेसिड्युअलने हप्ता कमी राहतो, पण शेवटची खरेदी महाग पडते.

हप्त्यातला फरक 30–40 च्या आत आला, की मग गाडीकडे वळा. आणि वळताना रोज हात लागणाऱ्या गोष्टी बघा.

थ्री सिरीजचं स्टीअरिंग वजनदार, गाडी वळणात अंगासरशी येते. एम स्पोर्ट सस्पेन्शन आणि 19 इंची चाकं घेतलीत तर खराब रस्त्यावर त्याची किंमत पाठीला मोजावी लागते. सी-क्लासची बैठक मऊ, केबिन जास्त सजवलेली, आणि तिच्या 48 व्होल्टच्या स्टार्टर-जनरेटरमुळे सिग्नलला इंजिन बंद-चालू होणं जवळपास कळत नाही. हाच जनरेटर थोड्या वेळासाठी 200 न्यूटन मीटरपर्यंत टेकू देतो, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी कमी जाणवते. डिकी थ्री सिरीजची 480 लिटर, सी-क्लासची 455. मोठ्या दोन बॅगा दोन्हींत बसतात. मागे तीन माणसं नेहमी बसणार असतील तर दोन्हींत मधल्याचे हाल आहेत, कारण पायांच्या जागेत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंच बोगदा आहे.

पडद्यांचा मुद्दा मी अधिक महत्त्वाचा मानतो. सी-क्लासमध्ये वातानुकूलनासकट बहुतेक सगळं 11.9 इंची उभ्या टचस्क्रीनवर आहे आणि स्टीअरिंगवरची बटणं स्पर्शाने चालणारी. अंगठा घसरला की आवाज वाढतो, गाणं बदलतं. 2022 नंतरच्या थ्री सिरीजमध्येही वातानुकूलनाची बटणं गेली, पण गिअरजवळची, पडदा चालवायची गोल आयड्राइव्ह चकती राहिली. चालत्या गाडीत रस्त्यावरून नजर न काढता काम करायला ती फार सोयीची. टेस्ट ड्राइव्हला निघाल्यावर तापमान दोन अंशांनी कमी करा, नकाशात पत्ता टाका, फोन जोडा, सीट गरम करायचं बटण शोधा. घामाघूम झालात तर तीन वर्षं रोज व्हाल.

पर्याय निवडताना एक आकडा लक्षात ठेवा. पहिल्या गाडीवर 3,000 चं पॅकेज घेतलं आणि त्यालाही 58 टक्के रेसिड्युअल मिळालं, तर हप्ता 47 ने वाढतो. काही लीज कंपन्या महागड्या पर्यायांना पूर्ण टक्केवारी देत नाहीत. मग तो 47 चा आकडा फुगतो. मोठी चाकं हा सर्वांत वाईट पर्याय. 18 इंचांवर चारही टायर 225/45 अशा एकाच मापाचे असतील तर पुढचे-मागचे अदलून झीज सारखी करता येते. स्पोर्ट पॅकेजात पुढे 225 आणि मागे 255 रुंदीचे टायर आले, की अदलाबदल संपली. मागची चाकं गाडी ढकलतात, मागचे टायर आधी संपतात, आणि ऐन मुदतीच्या शेवटी महागडी जोडी विकत घ्यावी लागते. शिवाय पातळ बाजूचा टायर खड्ड्यात दबला की रिम वाकते किंवा टायरला फुगवटा येतो. दोन्ही गाड्यांत स्टेपनी बहुधा नसते. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) किंवा पंक्चर भरायचं किट यातलं काय मिळतंय, ते सही करण्यापूर्वी विचारा. मुदतीअखेर रनफ्लॅटच्या जागी साधे टायर सापडले तर लीज कंपनी फरक लावू शकते.

देखभालीत तीन वर्षांच्या लीजमध्ये येतं काय? तेल आणि फिल्टर, केबिनचा फिल्टर, दोन-तीन वर्षांनी ब्रेक फ्लुइड, जास्त चालवलीत तर ब्रेक पॅड. दीर्घकाळ कोणती टिकाऊ, यावरचे वाद पुढच्या मालकासाठी सोडा.

परतीच्या तपासणीत पैसे जातात ते टायर, रिमला घासलेल्या कडा, काचेवरचे तडे आणि हरवलेली दुसरी किल्ली यांवर. टायरची खाच किती उरली पाहिजे हे करारात लिहिलेलं असतं, बहुधा 3 मिलिमीटरच्या आसपास. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी स्वतंत्र तपासणी मागून घ्या. रिमची डागडुजी आणि बारीक पोचे बाहेर करून घेणं लीज कंपनीच्या दरापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. मात्र काच बदलायची असेल तर पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झाल्याची पावती ठेवा. ते राहिलं तर गाडी लेनमध्ये ठेवणारा लेन असिस्ट आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीच्या जागी बघत राहते आणि तपासणीत ते सापडतं. गाडी सोपवताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि किलोमीटर दाखवणाऱ्या पडद्याचे फोटो काढा आणि ताब्याच्या पावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून घ्या. त्यानंतर ती गाडी कुणी किती चालवली, हा तुमचा प्रश्न उरत नाही.