सोडत, दिवाळी आणि आयोवातले हरीण

रविवार, १९ एप्रिल २०२६

आयोवा राज्यातील हरणांच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीसाठी लागणारे, दरवर्षी एकेक साठवायचे प्राधान्य गुण आता पुरेसे जमले आहेत, असे आज माझ्या खात्यावर पाहिले. ज्या शिकारीविषयी इतकी वर्षे नुसते बोलत होतो, तिचा आता कागदावर आराखडा करावा लागणार. मी मिशिगनमध्ये राहतो आणि इथे हरणांची वाण मुळीच नाही. घरामागच्या ओढ्यापर्यंत ती रोज संध्याकाळी येतात आणि शेजारणीची ट्यूलिप खाऊन जातात. असे असताना मार्गदर्शक ठरवून, रजा काढून आणि साठवलेले पैसे मोडून परराज्यात जायचे कशासाठी, याचे उत्तर आधी स्वतःला देता आले पाहिजे.

ते उत्तर हंगामांच्या तारखांमध्ये आहे. पांढऱ्या शेपटीच्या या हरणांचा, म्हणजे इथे सगळे ज्यांना व्हाइटटेल म्हणतात त्यांचा, माजाचा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो. दिवस लहान होत गेल्याची ती प्रतिक्रिया असल्यामुळे तो थंडी-पावसाने फारसा पुढे-मागे होत नाही. वर्षभर अंधारातच हिंडणारा सावध नर त्या दिवसांत भर दुपारी मादीचा माग काढत उघड्यावर येतो. मिशिगनचा बंदुकीचा मुख्य हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होऊन ३० तारखेला संपतो, म्हणजे नर सर्वांत बेसावध असताना लाखो बंदुका रानात उतरतात आणि दीड वर्षाचे, पहिलीच शिंगे फुटलेले नर मोठ्या संख्येने पडतात. आयोवाने बंदुकीचे मुख्य हंगाम डिसेंबरमध्ये, माज ओसरल्यावर ठेवले आणि नोव्हेंबर धनुर्धाऱ्यांसाठी राखला. परराज्यातल्यांना नर मारता येईल असे परवाने तिथे साऱ्या राज्यात मिळून ६,००० च्या आसपास दिले जातात, आणि दक्षिणेकडच्या विभागांत धनुष्याचा परवाना हवा असेल तर काही वर्षे गुण साठवत बसावे लागते. तिथला नर पाच-सहा वर्षांचा होऊ शकतो, तो या दोन निर्बंधांमुळे. मक्याची आणि सोयाबीनची शेते, ओकच्या झाडीने भरलेल्या घळी आणि १९८५ च्या कृषी कायद्यानंतर पडीक ठेवलेली गवताळ राने त्याला पोसतात हे खरे, पण नुसत्या चाऱ्याने कोणी म्हातारा होत नाही.

हे ध्यानात आल्यापासून सोडतीविषयीची माझी कुरकुर थांबली. ज्या वर्षी मी पहिला गुण घेतला, त्या वर्षी मे-जूनमध्ये दक्षिण आयोवातल्या वेन किंवा अपानूस काउंटीतल्या एखाद्या गवतात जन्मलेले पाडस, जगले असेल तर, आज भरात आलेला नर आहे. मला थांबवून ठेवणाऱ्या नियमानेच त्यालाही वाढू दिले आहे. आत्ता एप्रिलमध्ये त्याच्या डोक्यावर शिंगे नाहीत. मागची केव्हाच गळली असतील आणि नव्यांचे मखमली कोंब नुकते फुटत असतील.

एका सहकाऱ्याने मध्यंतरी टेक्सासचा पर्याय सुचवला होता. तिथल्या काही उंच कुंपणाच्या रँचवर शिंगांच्या मापानुसार दरपत्रकच असते: इतक्या इंचांना इतके डॉलर, आणि हरीण मिळण्याची हमी. थिओडोर रूझवेल्ट यांनी पुढाकार घेऊन १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब अशा कुंपणातल्या नराची नोंद आपल्या विक्रमवहीत घेत नाही, आणि त्यांची ती भूमिका मला पटते. मला वर्णन वाचून माल निवडायचा नाही. जिथे म्हातारे नर खरोखर आहेत अशा रानात काही दिवस बसायचे आहे, आणि माझे पैसे त्या बसण्याचे आहेत.

शनिवार, ९ मे २०२६

आज आईशी फोनवर बोलताना विषय निघालाच. तिचा प्रश्न ठरलेला आहे: "अरे, त्या हरणानं तुझं काय घोडं मारलंय?" मी तिला सांगितले की मांस आम्ही खातो, फ्रीजरमध्ये ते वर्षभर पुरते आणि तिच्याच पद्धतीच्या कांदा-लसणाच्या मसाल्यात शिजवलेले तिने स्वतः इथे आली असताना दोनदा वाढून घेतले होते. त्यावर ती म्हणाली, "खायला मारतोस ते समजलं रे, पण मग मोठ्ठंच पाहिजे हा हट्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मांसासाठी मिशिगनमधली एखादी मादी पुरते, आणि तिचे मांस बहुधा कोवळेही निघते.

आमचे घर कोल्हापूरचे. संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे, आणि नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात भुसा भरून ठेवलेले प्राणी मी शाळेच्या सहलीत तोंड उघडे टाकून पाहिले आहेत. तिथे शिकार हा राजाचा मान होता, प्रजेने हाका घालायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला कडक आळा घातला आणि ते योग्यच झाले, कारण तोवर रानात फारसे काही उरले नव्हते. अमेरिकेचा रस्ता वेगळ्या वळणाने गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारासाठी केलेल्या बेसुमार कत्तलीमुळे या हरणांची संख्या सुमारे पाच लाखांवर, कदाचित त्याहूनही खाली, आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात सांगितली जाते. हंगाम, परवाने आणि मांसाच्या विक्रीवरची बंदी यांच्या जोडीला १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला आणि बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला. पुढे धनुष्यबाणही त्या कक्षेत आले, त्यामुळे गेल्या आठवड्यात मी घेतलेल्या बाणांवरही तो कर आहे. म्हणून मी पुण्यकर्म करतो आहे असा आव आणण्याची गरज नाही. मला जुना नर हवा आहे, कारण तो फसत नाही. त्याच्या तोडीचे होण्याची हौस आहे, आणि हौस ही हौसच असते, एवढे मी आईला फोन ठेवण्यापूर्वी कबूल केले.

शनिवार, ३० मे २०२६

अर्जाची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणून आज सगळे कागद टेबलावर मांडून बसलो.

निवडलेला आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणारा, दक्षिण आयोवातला, शेतकरीच आहे. त्याच्याकडे मारलेल्या मोठ्या नरांची छायाचित्रे मी मागितली नाहीत. ती सगळ्यांकडे असतात. एका आठवड्याला किती शिकारी आणि त्यांच्यासाठी किती एकर, वारा फिरला तर त्या मचाणाऐवजी दुसरे मचाण तयार असते का, आणि गेल्या हंगामात रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांशी बोलता येईल का, असे तीनच प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला आणि त्याने फोन नंबर दिले. त्या दोघांशीही बोललो. त्यातला एक यंदा पुन्हा जातो आहे, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

करारातल्या दोन अटी मी अधोरेखित केल्या आहेत. बाण लागून रक्त सांडले आणि जनावर सापडले नाही, तर शिकार झाली असे धरले जाईल. ही अट कठोर वाटते, पण ती नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी नव्या उमेदीने दुसऱ्यावर बाण सोडील. दुसरी अट शिंगांच्या मापाची: १४० इंचांखालील नरावर बाण सोडायचा नाही. मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, घेर आणि आतले अंतर यांची ही बेरीज असते आणि ती मारल्यावर फीत लावून करायची असते. जिवंत हरीण झाडीतून चालत असताना दहा सेकंदांत तिचा अंदाज बांधणे मला जमेल असे वाटत नाही. विक्रमवहीत कायमच्या नोंदीसाठी साध्या ठेवणीच्या शिंगांना १७० इंच लागतात, आणि तेही साठ दिवस वाळल्यानंतर मोजलेले. त्या आकड्याचा विचार मी सोडून दिला आहे. मी वय पाहणार: लोंबलेले पोट, छातीत मिसळलेली जाड मान, धडाच्या मानाने आखूड वाटणारे पाय. बाण तीस यार्डांच्या आत आणि जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे असेल तेव्हाच. परसातल्या ओट्यावर शिडी लावून उंचावरून सराव सुरू केला आहे आणि सुरक्षापट्टाही तेव्हापासूनच बांधतो, कारण या छंदात गंभीर इजा होते ती बहुतेक वेळा मचाणावरून पडून.

परतीचाही विचार करावा लागतो. हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग आयोवात आणि मिशिगनमध्येही पोहोचला असल्याने आख्खे धड राज्याबाहेरून इथे आणता येत नाही. हाडे काढलेले मांस, कातडे आणि स्वच्छ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगे असे भाग चालतात. मांस जास्त झाले तर आयोवाच्या हश योजनेत गरजूंसाठी देता येईल.

सर्वांत अवघड वाटाघाट घरातली होती. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि आउटफिटरच्या मते ५ ते ११ नोव्हेंबर हा आठवडा सोन्यासारखा. पत्नीचे म्हणणे असे, की पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला येते, तेव्हा आणखी एक वर्ष थांबल्याने काही बिघडणार नाही. तिचे गणित बरोबर आहे. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस चिलटांमुळे पसरणारा ईएचडी हा हरणांचा जीवघेणा रोग एखाद्या खोऱ्यातले निम्मे नर नेऊ शकतो, आणि माझे गुडघेही वर्षागणिक नवे होत नाहीत. शेवटी भाऊबीज उरकून निघायचे आणि १३ तारखेपासून बसायचे असे ठरले. त्या दिवसांत मोठे नर मादीला घेऊन एखाद्या कोपऱ्यात दडून राहतात आणि दिसणे कमी होते, हे आउटफिटरने स्पष्ट सांगितले. मग त्याने विचारले, की रिकामा परतलास तर चालेल का. मी होय म्हणालो आणि अर्जाचे शुल्क भरले.

सोडतीचा निकाल लागल्यावरच अनामत रक्कम पाठवायची आहे. रजेचा अर्ज मात्र सोमवारीच द्यायला हवा, कारण नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांना सुट्टी हवी असते आणि साहेब स्वतः त्यांतले पहिले असतात.