डेप्युटेशनवरचा माणूस

कंपनीने तात्पुरतं परदेशातल्या ऑफिसात पाठवलंय, आणि आज इथे पुढच्या वर्षीच्या कामाचं प्लॅनिंग होतं. दोन तास बसलो, हिरिरीने मतं दिली, आणि जबाबदाऱ्या वाटायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे कुणी बघेना. बरोबरच आहे म्हणा, तोवर मी इथे नसणार! तिकडे मूळ टीमनेही माझ्यावाचून घडी बसवून घेतलीय. सध्या दोन्हीकडे पाहुणाच.

दुपार मात्र एचआरने खाल्ली. पासपोर्टवरचे शिक्के बघून आल्या-गेल्याच्या तारखा भरायच्या. देशादेशांतल्या बहुतेक कर-करारांत मुक्कामाला १८३ दिवसांची मर्यादा असते. ती ओलांडली की पगारावर इथेही कर लागू शकतो. आत राहिलात तरी पगार कोणती कंपनी देते हे बघतातच. गंमत म्हणजे मोजताना सहसा पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही पूर्ण धरतात. रात्री अकराला विमान उतरलं तरी तो दिवस गेला खात्यात! शिवाय सामाजिक सुरक्षेची वर्गणी दोन्ही देशांत कापली जाऊ नये म्हणून वेगळा दाखला. तोही दोन देशांत तसा करार असेल तरच.

आता मूळ ऑफिसची मीटिंग. त्यांची सकाळ, सगळे ताजेतवाने. मी कॅमेरा बंद ठेवणार आहे.