पंधरा दिवसांची इलेक्टिव्ह, तीन महिन्यांचा बॅज

कॅथलॅबच्या दारावर लाल दिवा लागलेला, आत कुणाच्या तरी यकृतात सुई चाललेली, आणि मी बाहेरच्या खुर्चीत प्लॅस्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसलेली. इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीचा विषय निवडून करायच्या पोस्टिंगच्या, पंधरा दिवसांतले पहिले चार दिवस असे गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

थर्ड इयर पार्ट वन झाल्यावर मला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी बघायची होती, म्हणजे एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत, पोट न कापता सुई-नळ्यांनी केलेले उपचार. ते कॅथलॅबमध्ये चालतात. आई म्हणाली, "म्हणजे सोनोग्राफीच ना?" वर्गातल्या निम्म्या मुलांनाही कॅथलॅब म्हटलं की फक्त हृदय आठवतं. आमच्या कॉलेजात हे काम होत नाही, म्हणून नाशिकमधल्याच दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सरांना मेल केला. ते लगेच हो म्हणाले. कॉलेजचं पत्र, डीनची सही, सगळं दोन दिवसांत.

मग बॅज. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारी डबी.

पहिल्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं. "ताई, टीएलडी नंबर?"

"तो कुठे मिळतो?"

"तुमच्या कॉलेजकडून. नंबर नाही तर आत नाही."

कॉलेजच्या रेडिओलॉजी ऑफिसात गेले तर तिथले म्हणाले, आमच्या यादीत रेसिडेंट आणि टेक्निशियन असतात. तू काम बघणार तिकडे, बॅज तिकडचाच. परत हॉस्पिटल. तिथे उत्तर तयार, तुम्ही आमच्याकडच्या नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. मधे प्रत्येक वेळी द्वारका चौक. तिथे बसमध्ये अडकून मी टीएलडीबद्दल जेवढं वाचलं तेवढं परीक्षेलाही वाचलं नव्हतं.

वस्तू साधी आहे. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तीन चकत्या. रेडिएशनची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. लॅबमध्ये तापवल्या की प्रकाश देतात आणि त्यावरून डोस मोजतात. बॅज छातीवर, लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत लावायचा. आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

तिसऱ्या दिवशी क्लार्क दया येऊन म्हणाले, "बरं, पुढच्या तिमाहीच्या यादीत नाव घालतो."

"सर, माझी पोस्टिंग पंधरा दिवसांची आहे. त्यातले तीन गेले."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मग पुढच्या तिमाहीत या ना."

राज्यभरच्या मेडिकल कॉलेजांचं विद्यापीठ आमच्या म्हसरूळला, आणि मी एका डबीसाठी शहराच्या दोन टोकांना खेटे घालतेय! चौथ्या दिवशी जिन्यात बसून रडले, हेही लिहून टाकते. पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर कॅथलॅबच्या टेक्निशियनदादांनी सहज विचारलं, "आरएसओंना भेटलीस का?" आरएसओ म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. ते त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "बॅज रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी. तू कंट्रोल रूममध्ये, शिशाच्या काचेआड उभी राहणार. सरांनी आत बोलावलं तर एप्रन, थायरॉइड कॉलर आणि हा पॉकेट डोसिमीटर. टेबलापासून लांब." पत्रावर दोन ओळी, सही. दोन मिनिटं! क्लार्कचं चुकलं असं म्हणवत नाही, नियम पाळत होते बिचारे. पण वरच्या मजल्यावर जा एवढं तरी सांगायचं. म्हणून कुणी जाणार असाल तर पहिल्या दिवशी, पहिला माणूस, आरएसओ.

पुढचे दिवस भुर्रकन गेले. सगळ्यात लक्षात राहिले ते निफाडकडचे एक आजोबा. पित्तनलिका गाठीमुळे बंद झालेली, डोळे हळदीसारखे पिवळे. सरांनी सोनोग्राफीवर बघत बरगड्यांमधून २२ गेजची बारीक सुई घातली, एक्स-रेत दिसणारा डाय सोडला, आणि स्क्रीनवर पित्तनलिका पानगळीतल्या झाडासारख्या उमटल्या. सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी. सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली रक्तवाहिनीसाठी सांगितलेली हीच युक्ती. शेवटी ८ फ्रेंचची पिगटेल, म्हणजे टोकाला वेटोळं असलेली नळी. फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे नळी पावणेतीन मिलिमीटरचीसुद्धा नाही. पिशवीत काळपट हिरवं पित्त उतरायला लागलं. बाहेर मुलाने विचारलं, "टाके कधी काढायचे?" पोट कुठे कापलंच नव्हतं. नळी त्वचेला धरून ठेवायला घातलेला एकच टाका होता.

एक्स-रे सुरू करायच्या पेडलवर सरांचा पाय पडला की मी एक पाऊल मागे जायचे. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, हे पाठ होतं. आता पायांना कळलं. स्क्रीनकडेच बघू नका, सरांच्या डाव्या हाताकडे बघा. तार तिथे धरलेली असते. "तार सुटली की सगळं सुटलं," असं ते दिवसातून चारदा म्हणायचे.

नाश्ता करून जा. मी उपाशी सहा-सात किलोचा एप्रन घालून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली; सिस्टरनी पकडून बाहेर नेलं. एप्रन काढल्यावर घडी घालू नका, हँगरला लावा, आतल्या थराला भेगा पडतात. यावरून बोलणी खाल्लीत.

पुढचा रस्ता मोठा आहे. आधी रेडिओलॉजीचं एमडी किंवा डीएनबी, मग डीएम (सुपरस्पेशालिटी) नाहीतर फेलोशिप. सरांनी तो सांगितला आणि वर म्हणाले, आतापासून सोनोग्राफीचा प्रोब हातात घे.

निघताना सिस्टरनी मुदत संपलेली, सील न फोडलेली एक गाइडवायर दिली. सध्या रात्री ती सलाइनच्या नव्या नळीतून सारत बसते. पुढचं टोक इंग्रजी J अक्षरासारखं वाकडं, दर वेळी तोंडाशीच अडतं. सर्जरीच्या पोस्टिंगला असताना क्लार्कचा फोन आला, "ताई, यादी जातेय, तुमचं नाव ठेवू का?"

आणि हो, पासपोर्ट साइझचे फोटो चार न्या. मी दोनच नेले होते.