मोज्यातला खडा

आज रात्री मोजा काढला तर आतून एक खडा पडला. तुरीच्या दाण्याएवढा, एका बाजूला धारदार. डाव्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी त्याचा खळगा उमटलाय. कडेने लाल, मधे पांढरा. मोजा सकाळी मंडईला निघताना चढवलेला. म्हणजे मंडई, तुळशीबाग, मग जिना, मग ओट्यापाशी दीड तास, हे सगळं त्या खड्यावर उभं राहून झालं आणि मला पत्ता नाही.

वन्सं म्हणाल्या, "दुखलं नाही ना? मग बरं झालं की."

त्यांच्या मनात काही नसतं, मला माहीत आहे. पण जेवताना घास उतरेना. दुखलं नाही, हेच तर.

मधुमेहाने 4 वर्षं तळव्यांची आग सोसली. रात्री पांघरूण पायाला लागलेलं चालत नसे. नसांची तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उगाच कण्हतेय. ती तपासणी जाड तंतूंची असते. आग, टोचणं, गरम-गार हे बारीक तंतूंचं काम, ते बिघडले तरी यंत्राला दिसत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर... जाऊ दे.

वन्सांना वाटतं गोळी लागू पडली. रात्रीच्या 75 मिलिग्रॅमच्या प्रीगाबालिनने आग कमी होते, खरं आहे. पण ती गोळी आग दाबते, नस दुरुस्त करत नाही, आणि खडा टोचलेला कळायचं थांबवतही नाही. तो कळला नाही, कारण तिथली नसच गेलीय. गोळीने मिळालेला आराम आणि हा बधिरपणा बाहेरून सारखेच दिसतात. गेल्या खेपेला डॉक्टरांनी नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून "लागतंय" म्हणायचं. उजवीकडे मी म्हणाले. डावीकडे वाट बघत बसले, कधी सुरू करतायत म्हणून. डोळे उघडले तर तपासणी संपली होती.

कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यात लांब, म्हणून साखर आधी त्यांचंच टोक खाते. मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. पोटरी-गुडघ्यापाशी पोचला की हाताच्या बोटांची पाळी. ब्लाऊजचे हुक आताशा खाली बघून लावावे लागतात. आधी वाटलं, मनगटातली नस दबली असेल. पण त्यात अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतच बधिर होतं, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. करंगळी त्यात येत नाही. माझी दोन्ही हातांची पाचही बोटं. पुढचं आज लिहीत नाही.

नंदाला मात्र सांगायचंय की तिच्या मुंग्या मधुमेहाच्याच, असं धरून बसू नकोस. इतकी वर्षं साखरेची मेटफॉर्मिन, त्यात शाकाहारी, दोन्हींनी बी-12 कमी पडू शकतं. बी-12 आधी तपासून घे, इंजेक्शन त्यानंतर. एकदा इंजेक्शन घेतलं की आकडा फुगतो आणि खरं काय ते कळत नाही. 200च्या खाली असेल तर कमतरता नक्की, पण 200 ते 300 मधेही त्रास असू शकतो. ती नसांची म्हणून एक आणि ताकदीची म्हणून दुसरी, अशा दोन गोळ्या घेते. दोन्ही पाकिटांवरचं पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, बेरीज करून बघायला हवं. बी-6 दिवसांमागून दिवस जास्त गेलं तर त्यानेच नसा बिघडतात.

आणि अशक्तपणा काही दिवसांत पायांतून वर चढायला लागला तर ते हे दुखणं नव्हे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीकडे गुलियन बॅरे हा नसांचा आजार झालेल्यांचं तसं झालं होतं. श्वासाचे स्नायूही जाऊ शकतात. तेव्हा थेट हॉस्पिटल.

मघाशी फार रडू आलं. मग उठून आरसा आणला, जमिनीवर ठेवला आणि दोन्ही तळवे नीट बघितले. रोज बघते, काल कंटाळा केला होता. बोटांच्या बेचक्या कोरड्या हव्यात, तिथे खोबरेल नाही, टाचेला लावलं तर चालतं. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, आता बोटांवर भरवसा नाही. शेक बंद, गरम पाण्याची पिशवी बंद. कुरूपावर लावायची पट्टी नको, त्यातलं अ‍ॅसिड आजूबाजूची चांगली कातडीही खातं. नखं सरळ कापायची, कोपरे खणायचे नाहीत. घरातसुद्धा एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची चप्पल, मागे पट्टा असलेली, कारण बिनपट्ट्याची निसटली तरी कळत नाही. पर्वतीला उन्हाळ्यात दुपारी अनवाणी चढायचं नाही, देव समजून घेईल.

मोजा उलटा करून झटकायचा, हे मात्र राहून गेलं होतं. तेवढंच. बुटात हात घालून चाचपा म्हणतात, पण माझ्या बोटांना खडा लागेलच असं नाही. उपडा करून आपटायचा आणि टॉर्चने आत बघायचं. मोजे पांढरे घ्यायचे, रक्त लागलं तर दिसतं, आणि शिवण बाहेरच्या बाजूला.

पाय शिकणार नाहीत आता. डोळ्यांना त्यांचं काम करावं लागेल, करतील.

कातडी फुटलेली दिसत नाही. बॉलपेनने लालीभोवती गोल काढून ठेवलाय. सकाळी खिडकीपाशी उजेडात बघायचं. लाली गोलाबाहेर गेली, फोड आला किंवा पाय गरम लागला तर उद्याच डॉक्टरांकडे. वन्सं विचारतील दुखतंय का म्हणून. नाही म्हणून सांगेन, आणि जाईन.