खुलभर दुधातली कथा

कथालेखनाच्या कार्यशाळांमध्ये कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, कलाटणी असं सगळं फळ्यावर लिहून देतात. लिहू देत बापडे. माझ्या मते हे सगळं श्रावणी सोमवारी हातात अक्षता धरून ऐकायच्या खुलभर, म्हणजे लहानशा भांड्याभर, दुधाच्या कहाणीत मिळतं, तेही दहा मिनिटांच्या आत.

‘आटपाट नगर होतं.’ झालं वातावरण! नगर कुठलं, साल कोणतं, काही नाही. राजाला नाव नाही, म्हातारीलाही नाही. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटते: दर सोमवारी घरात थेंबभरही न ठेवता सगळं दूध देवळात आणा. धाकानं लोक वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत. गावचं सगळं दूध ओततात, तरी गाभारा भरत नाही. संघर्ष म्हणतात तो हाच, आणि त्यात एकही भांडण नाही.

मग दुपारी म्हातारी निघते. इथे कहाणी चक्क रेंगाळते. एरवी राजाचा आख्खा हुकूम दोन वाक्यांत उरकणारी ही कहाणी म्हातारीच्या घरात मात्र पाय पसरून बसते. तिनं कामधाम आटोपलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला. मग गंध-फूल, चार तांदूळ, बेलाची दोन पानं आणि खुलभर दूध घेऊन ती देवळात गेली. वाटतं, ही काय कामांची यादी? पण पुढचं सगळं उत्तर या यादीतच दडवलेलं असतं. ‘म्हातारी मायाळू होती’ असं कुठेही म्हटलेलं नाही. पात्रचित्रण म्हणजे आणखी काय असतं?

ती दूध वाहते आणि गाभारा भरतो. राजाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पाळत ठेवतो आणि म्हातारीचा हात धरतो. तीच घटना पुन्हा घडते, पण ऐकणारा दर खेपेला जरा पुढे सरकून बसतो. पहिल्याच सोमवारी चोर सापडला असता, तर मजा गेली असती.

अभयवचन घेऊन म्हातारी कारण सांगते: तुझ्या हुकमानं वासरं-पोरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही. हल्लीचा कथाकार ‘हात धरला’ इथेच थांबला असता आणि वाचकाला तंगवून ठेवलं असतं. कहाणीला ते परवडत नाही. तिला चौथ्या सोमवारी राजाला सुधारून दाखवायचं असतं. सगळ्यांना पाजून उरलेलं दूध तो वाहतो, गाभारा भरतो, म्हातारीला इनाम मिळतं.

ते इनाम मला जरा जास्तीचं वाटतं. कथा त्याआधीच संपलेली असते. पण अक्षता घेऊन बसलेल्या बायकांना विचारा. त्या म्हणतील, दिलं ते बरंच केलं; घरचं सगळं उरकून वर देवळात जायचं म्हणजे काय असतं, ते राजाला काय ठाऊक!