सिलिंग बंद करायच्या आधी पाणी ओतून बघा
ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलला डक्टेबल एसी (डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून थंड हवा सोडणारा) बसवला, मशीन फॉल्स सिलिंगच्या वर, दिसत काहीच नाही म्हणून घरचे खूश, पण पहिल्याच पावसाळ्यात पीओपीवर पिवळा डाग आला आणि टपटप सुरू. एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपला उतारच नव्हता हो! दर मीटर लांबीला निदान 1 सेंटीमीटर तरी उतार हवा, आणि सिलिंग बंद करायच्या आधी मशीनमधल्या पाणी जमा होणाऱ्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का हे स्वतः उभं राहून बघा. मशीनखाली उघडता येईल असं झाकणही ठेवून घ्या, आमच्याकडे नव्हतंच, शेवटी सिलिंग कापावं लागलं. फिल्टर मी महिन्यातून एकदा धुते, आधी एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डवरचा सेफ्टी स्विच, पाडून. नुसता रिमोट बंद करून आत हात घालू नका प्लीज, वायरीत करंट तसाच असतो.